तीन स्वेटरांचा नवरदेव

हसणार नसाल तर सांगतो. छे, तुम्ही हसणारच! तरी ऐका. अशी फजिती नाशकात दुसऱ्या कुणाची झाली असेल तर मिशी उतरवून देईन.

मुलगी पाहायला दिंडोरीला जायचं होतं. मार्गशीर्षातली थंडी, तीही आपल्या नाशकातली! मामा मोटारीनं पुढं गेले. मी म्हटलं, मी सायकलवर येतो. नव्या कोऱ्या सायकलवरून गावात शिरलो की निम्मं लग्न तिथंच जमलं, काय?

अडचण एकच. मामांनी मुलीच्या वडिलांना, म्हणजे पाटलांना सांगून ठेवलेलं, "मुलगा चांगला दणकट आहे." आणि मी? फुंकर मारली तर उडेन असा!

मग सुचली युक्ती. सदऱ्याच्या आत एकावर एक तीन स्वेटर, वरून काळा कोट, गळ्याला मफलर. थंडीही वाजणार नाही आणि छातीही भरेल! आरशात पाहिलं. वा रे पहिलवान!

म्हसरूळ मागं पडलं आणि घाम सुटला. कसला सुटला म्हणता! डोळ्यांत घाम, कानांत घाम. कोट काढावा तर पहिलवान खलास. दामटली तशीच सायकल.

ओसरीवर जाऊन बसलो. पाटील एकदम खूश!

"मामा, गडी तालमीतला दिसतोय की!"

मला तर आनंदानं नाचावंसं वाटत होतं! एवढ्यात आलं गार वारं. आतले ओलेचिंब स्वेटर असे गारठले की माझे दात कडकड वाजायला लागले. कपाळावर घाम आणि अंगात हुडहुडी!

"आरं, पाव्हण्याला हिवताप हाय!" पाटील ओरडले.

"छे हो, मला काही—" म्हणेपर्यंत अंगावर घोंगडी पडली. पुन्हा घाम! घोंगडी काढली, पुन्हा थंडी! आता तर मामासुद्धा माझ्यापासून जरा सरकून बसले.

गावचे वैद्यबुवा आले. "आधी ती ओली कापडं काढा!"

"नको, नको!" पण ऐकतो कोण? कोट गेला. सदरा गेला. पहिला स्वेटर. दुसरा.

"आरं, आजून हायेच का?"

तिसरा! शेवटी गंजिफ्रॉकात उरलो मी, काकडीएवढा.

पाटील माझ्याकडं बघतच राहिले. "एक पोरगी दाखवून दुसरी गळ्यात मारत्यात, त्ये ऐकलं व्हतं. नवरदेव बदललेला आज पहिल्यांदाच बघितला!"

दाराआड कुणीतरी खुदकन हसलं. ती मुलगीच! मेलो, म्हटलं. आता कसलं लग्न!

आणि काय सांगू, थोड्या वेळानं आतून निरोप आला, "पोरीला पसंत हाय!" सायकल नाशकापर्यंत कशी आली, मला ठाऊक नाही. मी हवेतच होतो!

लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत हिला विचारलं, "खरं सांग, त्या दिवशी माझ्यात असं काय पाहिलंस?"

ही लाजली. "तीन-तीन सुटर अंगात! म्हटलं, घर लय खातंपितं हाय."

अहो, ते तिन्ही स्वेटर तीन शेजाऱ्यांकडून मागून आणलेले! मला दरदरून घाम फुटला. आणि या खेपेला अंगात एकही स्वेटर नव्हता.