तात्या, दोन फूट बाय तीन फूट

तात्या गेल्याचे कळले त्या सकाळी मी भलत्याच घरात जाऊन पाव तास शोक केला. नगरबाहेरच्या सावेडीच्या नव्या वसाहतीतली घरे सारखी, दारापुढची पेरूची रोपेही सारखी. सायकल कुंपणाला टेकवून मी सरळ आत शिरलो, मान खाली घालून सतरंजीवर बसलो आणि म्हणालो, "मोठा माणूस गेला..." घरमालकांनीही मान हलवली. सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीने पुढे चहा ठेवला तेव्हा मला पहिली शंका आली, कारण सुतकाच्या घरी त्या सकाळी चूल पेटत नाही. "पण भाऊसाहेब, गेलं कोण?" बाईंनी हळूच विचारले. तात्यांचे घर मागच्या ओळीत होते. या वसाहतीचा नकाशा ज्याने काढला तो ट्रेसर मीच, हे मी तिथे सांगितले नाही. चहा मात्र पिऊन निघालो.

या गोष्टीला महिना होत आला. तात्या म्हणजे भांड्यांवर नाव घालणारे तात्या. मूळचे खर्ड्याचे, पण सारे आयुष्य नगरच्या बाजारपेठेत, एका भांड्यांच्या दुकानाच्या दगडी पायरीवर गेले. एक छिन्नी, एक हातोडी, बसायला पोत्याचा तुकडा. लग्नातला तांब्या असो की वास्तुशांतीची परात, त्यावर टिंबाटिंबांनी अक्षर उमटायचे, वळणदार आणि किंचित डावीकडे कललेले. राहात्यापासून जामखेडपर्यंत कुणाच्याही फडताळात हात घाला, एखादे तरी भांडे त्या अक्षराचे निघेल.

माझी त्यांची ओळख झाली ती वर्षे नगर वेशीबाहेर सांडण्याची. मळे मोडून प्लॉट पडत होते, नोकरदार मंडळी सावेडीला दोन खोल्या बांधत होती आणि बाजारात येताना "गावात जाऊन येतो" म्हणू लागली होती, जणू परगावीच चालली आहेत. व्यापारी धास्तावले. गल्ल्या अरुंद राहिल्या तर गिऱ्हाईक तिकडेच दुकाने शोधील, हे काही खोटे नव्हते. तेव्हा मी ज्या कचेरीत होतो तिथे पेठ सुधारण्याची योजना ठरली. दोन्ही बाजूंच्या पायऱ्या काढायच्या आणि रस्ता मोकळा करायचा. दुकानदारांचे त्यात पायरीपुरतेच जाणार होते. तात्यांचे मात्र पायरीखेरीज दुसरे दुकान नव्हते.

खुणा करायचे काम माझ्याकडे आले. मी तीन दिवस गेरूचा डबा घेऊन हिंडलो आणि प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक पायरीवर ठळक रेघा मारल्या. दसरा चार दिवसांवर आला आहे हे माझ्या ध्यानातच नव्हते. दसऱ्याच्या तोंडावर कुठला दुकानदार भिंत आहे तशी ठेवतो? साहेबांना खुणा दाखवायला घेऊन गेलो तर सगळी गल्ली चुन्याने पांढरीशुभ्र, पायऱ्या घासून धुतलेल्या. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग निघून गेले. साऱ्या पेठेत एकच रेघ शिल्लक होती, तात्यांच्या पायरीवरची. तिला धक्का लागू नये म्हणून ते बाजूला सरकून अंग चोरून बसले होते.

"पुसली नाही?" मी विचारले.

"तुमचं काम हाय. आमी कसं पुसावं?" छिन्नी थांबली नाही. "नकाशेवाले, घाई न्हाई ना? मग बसा. रस्ता कोन अडवतं ते बघा तरी."

बसलो. सावेडीची एक बाई कळशी घेऊन आली. नाव सांगितले आणि म्हणाली, "तोवर बांगड्या बघून येते." दुसरी पायरीवर टेकली, "तोवर" म्हणून समोरच्या वाण्याकडून डाळ घेऊन आली. तिसरीने "तोवर" पोराला टोपी घेतली. तासाभरात मला कळले की सारी पेठ त्या 'तोवर'वर चालते.

"रस्ता लई रुंद केला का मानूस सरळ निघून जातो," तात्या म्हणाले. "तोवर म्हनायला आदी थांबाया लागतं. अडवतंय कोन तर उभ्या हातगाड्या. अन् ती आडवी सायकल. कुनाची हाय ती?"

सायकल माझी होती.

दुसऱ्या दिवशी भीत भीत नवा नकाशा काढला. पायऱ्या तशाच, हातगाड्या गल्लीच्या तोंडाशी, सायकलींना वेगळी जागा. साहेबांनी तो उलगडला आणि एका चौकोनावर बोट ठेवले. "हे काय?" जिथे 'पायरी' लिहायचे तिथे मी सुबक अक्षरात 'तात्या' लिहून बसलो होतो.

"दोन फूट बाय तीन फूट, साहेब." मी घाईने माप सांगितले.

साहेब हसले नाहीत. पण शनिवारी कुणाला न सांगता पेठेत गेले आणि तासभर उभे राहिले. सोमवारी नकाशा सहीनिशी परत आला. 'तात्या'वर काट मारलेली नव्हती.

पुढे तात्यांच्या मुलाने सावेडीला घर बांधले, तेव्हा त्याने फार आग्रह केला... बाहेर पाटी लावू, घरीच नावे घाला. तात्या म्हणाले, "नाव पेठेत घालत्यात. हितं कोन येनार? दोन शेळ्या अन् हे नकाशेवाले, ते बी वाट चुकून." शेवटपर्यंत ते रोज डबा घेऊन गावात येत राहिले. दुपारच्या वेळी सून सुमन यायची. सासऱ्यांची नजर अधू झाल्यावर बारीक अक्षरे तीच घालू लागली होती.

परवा पेठेत गेलो. तिथल्या कुठल्याच दुकानाला टाळे लागलेले नाही, उलट दोन नवी उघडली आहेत. पायरीवर पोत्याचा तोच तुकडा अंथरून सुमन बसली होती. हातोडी चालू होती आणि अक्षर किंचित डावीकडे कललेले... मी शेजारी टेकलो. तात्यांच्या आठवणी सांगू लागलो, चांगल्या रंगवून. माझ्यामागे हातात भांडी घेतलेल्या चार बाया केव्हा येऊन थांबल्या ते मला समजले नाही. सुमनने परातीवरची नजर न काढता म्हटले,

"काका, उठा आता. रस्ता रुंद करनारेच मधी बसल्यावर मानसांनी जायचं कुठून?"