अर्जाखालची सही

१९२६ साली मी तीस वर्षांचा होतो. साहेबाच्या बागेत शिरले म्हणून माझे बैल लोणावळ्याच्या कोंडवाड्यात अडकले होते, अन् पेरणी तोंडावर आलेली. तिथं इंग्रजी अर्ज लिहून देणारा एकजण होता. लिहिलेला अर्ज मराठीत समजावून सांगितल्याशिवाय तो सही घेत नसे; सांगताना डोळे मिटायचा. शेवटी म्हणाला, "आपला आज्ञाधारक सेवक."

"मी न्हाई कुनाचा सेवक."

"अहो पाटील, इंग्रजीत सहीच्या वर हे 'आपला सेवक' लिहायची रीतच आहे, कुणी मनावर घेत नाही. साहेबसुद्धा उत्तराखाली हेच लिहितो."

"मग तुमीच व्हा की सेवक!"

त्यानं डोळे उघडले अन् खरंच खाली स्वतःची सही केली. "बैल तर सुटू देत," म्हणाला.

बैल माझे अन् सेवक तो, हे रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो, अर्ज अजून त्याच्याकडंच होता; त्याचं नाव खोडायला लावलं आणि माझी सही केली.