साठ खापरं आणि साबण

गल्लीतली पोरं ज्याला खापऱ्या म्हणून चिडवतात, तो माझा सख्खा धाकटा भाऊ. सायकल त्याला मी शिकवली, नळाचं काम मीच. जमिनीच्या पोटातलं ओळखायला मात्र तो आपला आपण शिकला. अख्ख्या शहरात असा दुसरा नाही, छातीठोक सांगतो.

पाइप टाकायला खणताना त्याला जुन्या मडक्यांची खापरं लागली. म्हणाला, इथे खाली जुनी वस्ती आहे. संग्रहालयाचे साहेब म्हणाले, "बाजारातून आणून पुरली असतील." पेपरात 'लबाड प्लंबर' म्हणून छापून आलं. त्यात त्या जागेवर काँक्रीट पडणार होतं. साहेबांना पटलं तरच काम थांबणार.

साहेब खापरं बघायला घरी येणार होते. भाऊ त्यांना आणायला गेला. तेवढ्यात मी ब्रश-साबण घेऊन साठच्या साठ खापरं घासली. मोठा माणूस येणार, त्याच्यापुढे चिखल मांडायचा? लख्ख केली एकेक.

साहेबांनी एक उचललं. "माती कुठाय?"

"कणभर ठेवली नाही, साहेब!"

भाऊ पांढराफटक पडला. "दादा, अरे तीच साक्ष होती. खापरांवरची राखाडी माती खड्ड्यातल्या खालच्या थराशी जुळवून दाखवणार होतो."

साहेब हसले. "पुरावाच धुऊन टाकला. झकास!"

माझं डोकं सणकलं. "ओ साहेब, धुतली मी. जे बोलायचं ते मला बोला!"

"दादा, तू गप." भाऊ साहेबांकडे वळला. "जागा तुम्ही निवडा, खणा पण तुम्हीच. मी हात लावणार नाही. काही निघालं नाही, तर मी लबाड, असं लिहून देतो."

"काँक्रीटची गाडी आठला येतेय. सहाला भेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मुद्दाम लांबचा कोपरा धरला. गुडघाभर खणलं, नुसता मुरूम. कमरेएवढं झालं, तरी तेच. गाडी येऊन हॉर्न मारायला लागली. भाऊ हाताची घडी घालून उभा. मग राखाडी माती लागली आणि साहेबांची कुदळ थांबली. ते खड्ड्यात गुडघ्यांवर बसले, बोटांनी माती सारली. मडक्याची कड! ती त्यांनी बाहेर काढली नाही, मातीसकट तशीच ठेवली. वर न बघताच ड्रायव्हरला ओरडले, "इंजिन बंद कर!"