मालुबाईची मोरछाप बाटली

बोरगावच्या वाटेवरची डिस्टिलरी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली, चिमणीवर पिंपळ उगवला. पण मालुबाईच्या देव्हाऱ्यात तिथली एक बाटली अजून उभी होती. मोरछाप व्हिस्की, सील शाबूत. जन्मात दारूचा थेंब न चाखलेल्या बाईच्या देव्हाऱ्यात व्हिस्की, म्हणून शेजारणी हसायच्या. मालुबाईही हसायची आणि बाटलीला कुंकू लावायची.

डिस्टिलरीत ती बाटल्यांना बूच मारायची. हात असा बसलेला, की तिची बाटली कधी पाझरली नाही. खंडेनवमीला बायका यंत्रांबरोबर एक भरलेली बाटलीही पुजायच्या. शेवटच्या खंडेनवमीची बाटली मालुबाईकडे आली, आणि दिवाळीच्या आत कारखान्याला कुलूप लागलं.

यंदा टिळकवाडीचे नागेंद्र वकील दारात आले. बंद कारखान्यांच्या बाटल्या जमवायचा त्यांना भारी नाद. मोरछापच्या सगळ्या वर्षांच्या होत्या, शेवटच्या वर्षाची तेवढी नव्हती. मालुबाई हरखली. आपल्यामागं सून पूर्णिमा ही बाटली धुऊन तेल भरणार, ही तिची जुनी धास्ती. काचेच्या कपाटात गेली तर कारखान्याची आठवण तरी राहील.

वकिलांनी बाटली उजेडात धरली. "रंग बघा, आक्का. अशी व्हिस्की आता मिळायची नाही."

तुम्ही-आम्ही असतो तर गप्प बसलो असतो. सील कोण फोडणार होतं? पण मालुबाईला ते जमेना.

"वकीलसाहेब, त्यात दारू न्हाय," ती म्हणाली. "लक्ष्मीम्होरं दारू कशी ठेवायची? पुजंची बाटली आमी जळक्या साखरंच्या पाण्यानं भरायचो. व्हिस्कीला रंग द्यायला तेच असायचं तितं. नको असंल तर ऱ्हाऊ द्या."

वकिलांचा चेहरा पडला. त्यांनी बाटली खाली ठेवली, मग पुन्हा उचलली. कुंकवाच्या पुटाखाली मोर जेमतेम दिसत होता.

"बूच तुमचंच?"

"व्हय. धुतली जयाबाईनं, भरली राजाबाईनं, लेबल अक्काताईनं लावलं. तिघीबी गेल्या आता."

बाटली टिळकवाडीला गेली. कपाटातल्या इतर बाटल्यांखाली कारखान्याचं नाव आणि साल आहे. हिच्याखाली चार बायकांची नावं आहेत, आणि खाली स्वच्छ लिहिलंय, यात व्हिस्की नाही.

खंडेनवमीला मालुबाई तिथे गेली. तिनं वकिलांकडून नावं वाचून घेतली, कपाट उघडायला लावलं, मोराला कुंकू लावलं, आणि त्या तिघींसाठी पहिल्यांदाच धाय मोकलून रडली.