बंद कंपनीतले गुरुवार

आमच्या चिंचवड-चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असते. बाहेरगावच्या पाहुण्यांच्या हे डोक्यातच शिरत नाही. ते रविवारी जेवायला बोलावतात आणि आम्ही कामावर गेलो की गाल फुगवून बसतात. गुरुवारी सगळी दुनिया कामाला जुंपलेली असते आणि आम्ही मोकळे. अशा दिवशी मी आणि माझा एक मित्र पडक्या जागा बघत पायी हिंडायचो.

यात शास्त्र काही नव्हतं. दापोडीत रेल्वेलगतच्या ओस पडलेल्या खोल्या पाहिल्या. माणच्या शिवारात आयटीच्या काचेच्या इमारतींमागे एक दगडी विहीर एकटीच उरली आहे, तिच्या पायऱ्या उतरून आलो. चाकणच्या वाटेवर पत्रे उडून गेलेल्या पोल्ट्रीत बसून डबा खाल्ला. पायात सेफ्टी शूज, पाठीला पिशवी, आणि नियम तीनच: कुलूप तोडायचं नाही, काही उचलायचं नाही, माणूस दिसला तर आधी त्याला विचारायचं.

मी चाकणला एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट काढायची आणि त्यावर आपलं घर चालवायचं. हे काम इतकी वर्षं केलं की माणूस कामावरून सुटला तरी सवय जात नाही. भाजीवाली हसून बोलली तरी मला वाटतं, आज वांगी किडकी असणार. बायको म्हणते, "अहो, तुम्ही चहासुद्धा पास-नापास करता." ती म्हणते ते खरं आहे.

मित्र त्याच कंपनीत टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवतात तिथं. दापोडीच्या गल्लीत वाढला, वडील कामगार, आता सांगवीत फ्लॅट घेऊन राहतो. स्वभाव माझ्या नेमका उलटा. कुणाशीही बोलायला लागतो, कुणाच्याही खांद्यावर हात टाकतो, आणि समोरचा काय लपवतोय हा विचार त्याला शिवतही नाही. त्याच्यामुळेच आम्हाला ती कंपनी मिळाली.

चिंचवडच्या बाजूला एक मोठी कंपनी बरीच वर्षं बंद आहे. बारा शेड, कँटीन, दवाखान्याची खोली, टाइम ऑफिस, आणि सगळ्यांवर रानवेलीचं पांघरूण. गेटवर मराठवाड्यातून आलेला एक म्हातारा वॉचमन असतो. आम्ही त्याला मामा म्हणायचो. मित्रानं त्याच्याबरोबर दोनदा चहा घेतला आणि तिसऱ्या वेळी मामांनी दिंडी दरवाजा उघडला. "जा बगून या. पर सांबाळून, साप हायेत," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून दर गुरुवारी एक शेड असा आमचा कार्यक्रम ठरला.

इथं माझी एक खोड सांगितली पाहिजे. आमच्याकडे तपासून झालेल्या प्रत्येक जॉबवर, म्हणजे तयार भागावर, पेंट मार्करनं पिवळा ठिपका देतात. ठिपका नसेल तर तो जॉब कुणी पाहिलेला नाही. तो मार्कर माझ्या खिशात कायम असतो, सुट्टीच्या दिवशीही. मामांच्या शेडमध्ये यंत्रं ओळीनं उभी, कुठलं पाहिलं आणि कुठलं राहिलं कळेना. म्हणून जे नीट निरखून झालं त्याच्यावर मी ठिपका देत गेलो. मोटरवर दिला, टेबलावरच्या ड्रिल मशीनवर दिला, कामगारांना वेळ सांगणारा जुना भोंगा एका कोपऱ्यात पडला होता, त्याच्यावरही दिला. मित्र फोटो काढत हिंडायचा आणि माझ्याकडे बघून हसायचा.

चौथ्या गुरुवारी आम्ही आधीच्या शेडमधून शॉर्टकटनं निघालो होतो. मी थांबलो. ड्रिल मशीन जागेवर नव्हतं. खाली धुळीत त्याच्या बुडाचा चौकोन तेवढा स्वच्छ होता.

"विकलं असेल," मित्र म्हणाला. फार पटकन म्हणाला. आणि चालू लागला.

मनात पाल चुकचुकली ती तिथं. पुढच्या वेळी मोटर गेली होती, त्याच्या पुढच्या वेळी भोंगा. बाकीची यंत्रं जिथल्या तिथं. आम्ही ज्या वस्तूंपाशी उभे राहिलो, ज्यांच्याबद्दल बोललो, नेमक्या त्याच जात होत्या. हे दोघांनाच माहीत होतं. मी नेत नव्हतो. मग राहिलं कोण?

एकदा संशय आला की मला दुसरं काही सुचत नाही. मी मित्राचंच इन्स्पेक्शन सुरू केलं. त्याला फोन आला की तो चार पावलं लांब जाऊन बोलतो, हे मला नव्यानं दिसलं. एकदा मी लघवीला आडोशाला गेलो होतो, तेव्हा तो मामांना विचारत होता, "टेम्पो कुठल्या वारी येतो हो?" याला टेम्पोच्या वाराशी काय करायचंय? एकदा चहाच्या टपरीवर तो फोनमधले फोटो उडवत होता. मी वाकून पाहिलं. त्या शेडमधलेच फोटो होते. मी आलो तसा त्यानं फोन खिशात टाकला.

"का रे, उडवतोस का?"

"जागा नाही राव फोनमध्ये," तो म्हणाला. मागच्याच महिन्यात नवा फोन घेतला होता त्यानं.

कुठंतरी पाणी मुरत होतं, याबद्दल आता शंका उरली नव्हती. आणि त्याच सुमाराला एका दुपारी बसची वाट बघताना तो एकदम म्हणाला, "भावा, काही अडचण असली तर सांग हां. संकोच करू नको."

"मला कसली अडचण?" मी तुटक उत्तर दिलं. मला वाटलं, हा माझं तोंड गोड करतोय. उद्या मी काही बोलायला गेलो तर आधीच पेरून ठेवलेलं बरं.

कंपनीत रोज एकत्र डबा खाणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणं वाईट असतं. मला रात्री झोप लागेना असं काही म्हणणार नाही, मी व्यवस्थित झोपत होतो. पण त्याच्याशी बोलताना माझा आवाज साहेबासारखा व्हायला लागला होता. मला भीती होती ती एकच. उद्या हा पकडला गेला तर त्याच्याबरोबर हिंडणारा म्हणून माझंही नाव येईल. आणि भीतीच्या खाली दुसरंही काही होतं: एवढ्या वर्षांत मला मिळालेला हा एकच मित्र, आणि तोही खोटा निघत होता.

मग मी दोन गोष्टी केल्या. पहिली अशी. तो नसताना एकदा मी मामांना गाठलं आणि म्हणालो, "माझ्याबरोबर येतो ना, त्याच्यावर जरा लक्ष ठेवा. काही झालंच तर हा त्याचा नंबर." खिशातल्या कागदावर त्याचं नाव आणि नंबर लिहून दिला. मामांनी कागद घडी करून वहीत ठेवला. माझ्याकडे थोडं निराळ्या नजरेनं पाहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे परीक्षा. आमच्याकडे शंका आली की दोन नमुने वेगळे ठेवून ताडून बघतात. सातव्या शेडमध्ये आम्ही दोघं गेलो, तिथल्या एका यंत्रावर त्याच्यासमोर ठिपका दिला. नवव्या शेडमध्ये मी एकटा गेलो, त्याच्या नकळत. तिथं एका बाकाला लावलेला सुंदर जुना व्हाइस होता, काम घट्ट पकडायचा लोखंडी शिकंजा, जबडे अजून सरळ. तो निरखला, ठिपका दिला, बाहेर आलो आणि कुणाला काही बोललो नाही. सातव्यातलं जाईल, नवव्यातलं राहील, की झालं. हिशेब सरळ होता.

दोन आठवड्यांनी, मित्र "आज काम आहे" म्हणाला त्या गुरुवारी, मी निकाल बघायला गेलो. सातव्या शेडमधलं गेलं होतं. नवव्यात गेलो. बाक होता, बाकाची भोकं होती. व्हाइस नव्हता.

मी त्या भोकांत बोट घालून पाहिलं. ही वस्तू त्याला माहीतच नव्हती.

गेटवर येऊन मामांना सरळ विचारलं, "मामा, आतल्या वस्तू जातात कुठं?"

"विकलेल्या हायेत ना त्या. भंगारवाल्यानं माल घेतला, घेतला त्येच्यावर पिवळा ठिपका मारला. सायबानं मला सांगितलं व्हतं, ठिपका दिसला की जाऊ द्यायचं. टेम्पोचे लोक येतात, ठिपका बघतात, उचलतात."

माझा हात खिशाकडे गेला आणि तिथंच थांबला. आता आठवलं, पहिल्याच शेडमध्ये काही यंत्रांवर ठिपके होते जे दिल्याचं मला आठवत नव्हतं. मी मनाशी म्हणालो होतो, दिले असतील, आपणच विसरलो. जगात पिवळा ठिपका देणारे आपण एकटेच, असा माझा समज.

कुणी चोर नव्हता. टेम्पोवाले नव्हते, मामा नव्हते, मित्र तर नव्हताच. न विकलेला माल मी विकलेला करून ठेवत होतो.

"पर कायतरी जादा गेलंय म्हने," मामा पुढे म्हणाले. "मालकाचा मानूस आला व्हता मोजायला. लई बोलला मला. मंग मी तुमचा तो कागद दिला. परवा त्यांनी तुमच्या दोस्ताला बोलवून घेतलं हापिसात."

मामांकडून पत्ता घेऊन तडक तिथून निघालो. मालकाच्या वतीनं व्यवहार बघणारा तो माणूस एका दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचा. त्याच्यासमोर मार्कर ठेवला आणि सगळं सांगितलं. आधी त्याला वाटलं मी वेडा आहे. मग त्यानं मला एका कागदावर ठिपका देऊन दाखवायला लावलं. मग भंगारवाल्याला फोन लावला, बराच आरडाओरडा झाला, आणि भोंगा, व्हाइस गोदामात अजून पडून असल्याचं कळलं. मामांची नोकरी राहिली. मला पुन्हा गेटजवळ दिसायचं नाही, अशी तंबी मिळाली. ती मी खाली मान घालून घेतली.

संध्याकाळच्या आत सांगवीला पोचलो. मित्र खाली पार्किंगमध्ये गाडी पुसत होता. मी ठिपक्यांचं सांगितलं. तो ऐकत राहिला, आणि मग इतका हसला की फडकं खाली पडलं.

"म्हणजे तू नेत नव्हतास," तो म्हणाला.

"मी?"

"अरे, तू ठिपका द्यायचास आणि दुसऱ्या गुरुवारी ती वस्तू गायब. मी काय समजायचं? वाटलं, घरी काहीतरी अडलंय ह्याचं. विचारून पाहिलं तुला बसस्टॉपवर, तर अंगावर आलास."

"आणि फोटो? टेम्पोचा वार?"

"फोटोत तुझे ठिपके दिसत होते. तू दिसत होतास. ते उडवले. टेम्पोच्या दिवशी तू तिकडे सापडू नयेस, म्हणून वार विचारला."

परवाचं त्यानं थोडक्यात सांगितलं. दोन तास बसवून ठेवलं होतं. फोन तपासला. बरोबर कोण कोण असायचं, असं तीन-चार वेळा विचारलं.

"मग काय सांगितलंस?"

"एकटाच जातो म्हणालो."

 आता सांगणं भाग होतं. "तुझा नंबर मामांना मी दिला होता," मी म्हणालो.

"माहितीये. कागद समोरच ठेवला होता त्यांनी." त्यानं फडकं उचलून झटकलं. "रोज रिजेक्शनचे रिपोर्ट वाचतो मी तुझे. अक्षर ओळखणार नाही का?"

म्हणजे तो त्या खोलीत बसला तेव्हा त्याच्या लेखी मी चोर होतो, आणि वरून आळही मीच त्याच्यावर घातला होता. हे ठाऊक असताना तो म्हणाला होता, एकटाच जातो.

"एकदा मला सरळ विचारायचं होतंस," मी म्हणालो. 

"आणि तू हो म्हणाला असतास तर? मग गुरुवारचं तुझ्याबरोबर येणं बंद करावं लागलं असतं." तो आरसा पुसायला लागला. "तू का नाही विचारलंस?"

मी बरीच कारणं जुळवत होतो. एकही खरं नव्हतं.

"मला खात्री होती," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. वर जाऊन चहा घेऊ म्हणाला, आम्ही घेतला, त्याच्या बायकोनं पोहे केले. कंपनीत आम्ही अजूनही एकत्र डबा खातो, तो पूर्वीसारखाच सगळ्यांच्या खांद्यावर हात टाकतो, माझ्याही. गुरुवारी सकाळी मात्र मी फोन केला की तो म्हणतो, आज सोसायटीची टाकी धुवायची आहे राव. पाच गुरुवार झाले, टाकी धुतली जाते आहे. मी खरं मानतो.