वावधन आणि पहिली गार

'वादळ' हा शब्द मी माहेरून आणला होता. सासरी त्याला कुणी विचारीना.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीच्या काठावरचं. वडील सरकारी नोकरीत. छप्पन साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची बदली यवतमाळला झाली. तिथेच माझं लग्न ठरलं, आणि मी राळेगावच्या पुढे, बैलगाडीनेच जाता येईल अशा एका गावात शेतकऱ्याच्या घरी येऊन पडले. खाडीवर आमचं वादळ म्हणजे वादळ. होड्या वर ओढायच्या, दारं लावायची आणि सगळी माणसं घरात आली का ते पाहायचं. त्याला दुसरं नाव लागत नसे.

सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाई अंगणातून ओरडल्या, "नवरी, आभाळ आलं वो, आभाळ!" मी धावत बाहेर गेले आणि मान वर करून पाहत उभी राहिले. आभाळ तर रोजच असतं, त्यात नवीन काय आलं? तेवढ्यात सरी कोसळल्या आणि बाजेवर वाळत घातलेल्या वड्यांचा चिखल झाला. माझी नणंद तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेल. ती हसून हसून भिंतीला टेकली. "वहिनीले एवढं मोठं आभाळ दिसलं नाही वो माय!"

हळूहळू उमगलं की या घरात बिघडलेल्या हवेची नावं ही खरी म्हणजे कामाची हाळी होती. 'आभाळ आलं' म्हटलं की वाळवण उचलायचं. उन्हाळ्यात धुळीचा खांब गरगरत गावात शिरला की ती वावटळ. तेव्हा आधी चूल झाकायची, नाहीतर एखादी ठिणगी गवताच्या गंजीवर जायची. श्रावणात चार-चार दिवस सूर्य दिसू न देणारा पाऊस म्हणजे झड, आणि झडीत तळणाशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. पण पाऊस घेऊन येणारा, झाडं मोडणारा वारा आला की सगळं घर उठायचं. ते वावधन. गुरं सोडवायची, टिनांवर धोंडे ठेवायचे, पोराबाळांना आत ओढायचं.

मी मात्र 'वादळ'च म्हणायची. नणंद चिडवायची, "वादळ पुस्तकात येते वहिनी, इथं वावधन येते." माझ्या नाकावर राग कायमचा बसलेला. मी सांगायची, पेपरात वादळच छापतात. हे भांडण नवऱ्यापुढे गेलं की तो म्हणायचा, "दोघींचंही खरं हाय," आणि बैलांना पाणी दाखवायच्या निमित्ताने पळ काढायचा.

शब्दावरून मी एवढी तणतणायची, पण दुखणं निराळंच होतं. वर्ष उलटलं तरी सासूबाई मला 'नवरी'च म्हणत होत्या. त्यात तुसडेपणा नव्हता. ताटात पहिली भाकर माझ्याच पडायची. पण नवरी म्हणजे पाहुणी. मला त्या घरात कुणीतरी व्हायचं होतं, आणि ते कसं व्हायचं हे मला ठाऊक नव्हतं.

गारांची त्यांची एक रीत होती. गारा पडू लागल्या की आईच्या पोटच्या पहिल्या लेकराने अंगणातली एक गार उचलून दातांनी फोडायची. मग गारा थांबतात म्हणे. माझ्या पहिल्या फागणात थोड्या गारा आल्या तेव्हा सासूबाईंनी कुंपणापलीकडे हाक मारून शेजारच्यांची थोरली मुलगी बोलावली. मला नवल वाटलं. नवरा ओसरीतच उभा होता, आणि भावंडांत तोच मोठा. मी नणंदेला विचारलं, तर ती म्हणाली, "दादाले नाही चालत." एरवी तिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे, त्या दिवशी ती एवढंच बोलली आणि कळशी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या फागणात घरामागचा गहू पिवळाजर्द झाला होता. वर्षाची पोळी त्या गव्हावर होती. दुपारी मी मागच्या दाराशी भांडी घासत होते. पश्चिमेकडून काळं उठलं, चिंच एका बाजूला वाकली, आणि मी राखेच्या हाताने आत सासूबाईंकडे धावले. "आत्याबाई, वावधन! वावधन येऊन राह्यलं!" आपण काय बोललो हे माझं मलाही कळलं नाही. हसायला कुणाला वेळ नव्हता. गुरं आत येतात न येतात तोच लिंबाएवढ्या गारा टिनांवर आदळू लागल्या.

सासूबाईंनी सवयीने कुंपणाकडे पाहिलं. शेजारची ती मुलगी दिवाळीनंतर लग्न होऊन कळंबला गेली होती. नवरा अंगणाकडे वळला.

"तू नको," सासूबाई म्हणाल्या. "तू दुसरा हायेस."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नवरी, तू तुह्या मायची पह्यली काय वो?"

"हो, आत्याबाई."

"मंग चाल."

त्यांनी पितळी परात उचलून माझ्या डोक्यावर धरली आणि मला घेऊन त्या अंगणात उतरल्या. परातीवर असा दणदणाट चालला होता की कानठळ्या बसल्या. मी गार उचलली, तोंडात टाकली आणि कडकन चावली. दाढेतून कळ गेली. जिभेवर माती आली.

थोड्या वेळाने गारा थांबल्या. त्या थांबणारच होत्या, हे मला तेव्हाही कळत होतं. अर्धा गहू आडवा झाला होता. नवरा शेताकडे धावला, त्याच्यामागे नणंद. सासूबाईंनी गव्हाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी हनुवटी धरून त्या म्हणाल्या, "पाहू दे दात. लय दुखला काय?"

परात धरलेली त्यांची बोटं सुजून निळी पडली होती. मी तेल-हळद गरम करून आणली आणि त्यांचा हात मांडीवर घेतला. त्या उंबऱ्याकडे पाहत बोलू लागल्या.

"माह्यी पह्यली पोरगी होती. अशीच गोरी. दात यायच्या आधीच गेली वो." त्यांनी दुसऱ्या हाताने पदर सारखा केला. "गार पडली का मले तिचीच याद येते. लोकाची लेक बलावा लागे."

मी हळद लावत राहिले. लावून झाली तरी त्यांनी हात काढून घेतला नाही.

पुढच्या वर्षी फागणात पुन्हा आकाश काळवंडलं. शेजारीण कुंपणाशी येऊन काळजीने म्हणाली, "यंदाही गारा येतीन वाटते. आमची पोरगी तं सासरी हाय. आता तुम्ही कोणाले बोलावसान?"

"कोणाले कायले?" सासूबाई सुपात दाणे पाखडता पाखडता म्हणाल्या. "आमची पह्यली पोरगी घरीच हाय."

गारा आल्या नाहीत. त्या दिवशी नुसतं आभाळ आलं होतं. मी बाजेवरच्या वड्या उचलल्या, आत नेऊन ठेवल्या आणि चुलीपुढे बसून पोटभर रडले.