शुक्रवारचा स्क्रीनशॉट

आमच्या टीमचं काम म्हणजे दुसऱ्यांनी बांधलेल्या वेबसाइटची डागडुजी. कुठे बटण चालत नाही, कुठे अर्ज अडकतो, ते बघायचं. अशा प्रत्येक तक्रारीला आम्ही तिकीट म्हणतो. भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर ती तिकिटं दिसतात. वेळेत मिटली की हिरवी, रेंगाळली की लाल. आमच्या मॅनेजरना लाल रंगाची इतकी धास्ती, की पुण्यातले सिग्नल ते कसे पाळत असतील कोण जाणे.

त्यावर एक तोडगा निघाला होता. नियम असा, की आम्ही तक्रारदाराला काही विचारलं आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही, तर तिकीट आपोआप बंद होऊन हिरवं होतं. मग शुक्रवारी संध्याकाळी उरलेल्या सगळ्या तिकिटांवर एकच ओळ टाकायची, 'कृपया स्क्रीनशॉट पाठवा.' शनिवार-रविवारी बहुतेक जण काही पाठवत नाहीत. सोमवारी सकाळी भिंत हिरवीगार. हा तोडगा मीच काढला होता आणि त्याबद्दल टाळ्याही घेतल्या होत्या. आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर चिडणार आहे.

अशाच एका सोमवारी दुपारी दोनच्या सुमारास गेटवरून फोन आला, कोणी गृहस्थ भेटायला आलेत. खाली गेले. पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी. खडकवासल्याच्या अलीकडच्या गावातून स्वारगेटला आले होते, तिथून दुसरी बस. पत्ता आमच्या मेलखाली छापलेला होता. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. मोबाइलच्या स्क्रीनशॉटची रंगीत प्रिंट होती, चक्क लॅमिनेट केलेली.

"तुमी मागितला व्हता न्हवं, त्यो फोटू," ते म्हणाले. "पोरीनं तीनदा पाठिवला. परत येतोय. मग म्हनलं, हातानंच द्यावा."

परत येणारच. आमच्या मेलच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, 'या मेलला उत्तर देऊ नये.' वर उत्तर मागायचं आणि खाली दार लावून घ्यायचं! इतकी वर्षं ती ओळ मी रोज पाहत होते.

मी तो कागद नीट पाहिला. एका संस्थेच्या नर्सिंग कोर्सचा प्रवेश अर्ज होता. पत्त्यात 'शहर' निवडलं, तर यादीत त्यांच्या गावाचं नाव नाही. 'ग्रामीण' निवडलं, तर ग्रामपंचायतीचा दाखला हवा. गाव पालिकेत गेल्यापासून तिथे ग्रामपंचायतच उरलेली नाही.

"आमी नक्की कुटं हाय, तेवढं सांगा," ते म्हणाले.

मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. आईच्या आजारपणात मुलीची दोन वर्षं गेली होती, आणि आईचं करता करताच तिनं नर्स व्हायचं मनात घेतलं होतं. पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती. मी त्यांना माझा नंबर दिला, मुलीला फोन जवळ ठेवायला सांगा म्हटलं आणि वर धावले.

तिचं तिकीट आदल्या संध्याकाळीच हिरवं झालं होतं. शुक्रवारी मी ते उघडून वाचलंसुद्धा नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. यादीत एक नाव घालायचं. तपासण्यासकट दहा मिनिटं लागली. पण केलेलं काम साइटवर चढवण्याची, म्हणजे रिलीजची, परवानगी फक्त मॅनेजरना.

"गुरुवारच्या रिलीजमध्ये घे," ते म्हणाले.

"मुदत आज पाचला संपतेय."

"अगं, एका गावासाठी मध्येच साइटला हात लावायचा? काही बंद पडलं तर जबाबदार कोण? आणि ते तिकीट तर बंद झालंय."

माझ्यासारख्या नारायण पेठेत वाढलेल्या माणसाला खरा राग आला की आवाज चढत नाही, 'आपण' सुरू होतं. मी म्हटलं, "आपण एकदा खाली येऊन हे त्या गृहस्थांना समजावून सांगावं. आपल्याला चांगलं जमेल." त्यांनी हेडफोन कानाला लावले. ते हेडफोन ओढून खिडकीतून फेकावेत असं वाटलं. फेकले नाहीत. मी त्या संस्थेला फोन लावला. "ऑनलाइनशिवाय अर्ज घेत नाही, मुदत वाढणार नाही," तिथल्या बाईंनी एका दमात सांगितलं. पुन्हा मॅनेजरकडे गेले, त्यांच्या वरच्या साहेबांना मेल टाकला. पाच वाजले.

खाली जाऊन सांगितलं, तेव्हा गृहस्थांनी पिशवीची घडी घातली. "तुमी तरी काय करनार," म्हणाले. मला वाटत होतं, त्यांनी ओरडावं, चार शिव्या द्याव्यात. तो कागद त्यांनी माझ्याकडेच ठेवला. मागितला होता ना आम्ही.

गुरुवारी रिलीज झालं. गावाचं नाव यादीत आलं. मॅनेजरनी मीटिंगमध्ये सांगितलं, की या आठवड्यात एकही तिकीट लाल झालं नाही, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, पण राजीनामाही दिला नाही, तेव्हा शौर्याच्या गोष्टी सांगण्यात अर्थ नाही.

त्याच वेळी मोबाइल वाजला. त्या गृहस्थांच्या मुलीचा स्क्रीनशॉट होता. पत्त्याच्या रकान्यात गावाचं नाव होतं. त्याच्यावर लाल अक्षरांत, 'अर्जाची मुदत संपली आहे.' खाली तिनं लिहिलं होतं, "मॅडम, आता आमचं गाव दिसतंय. थँक्यू."